वाटीभर म्हणजे किती ग्रॅम?

वजन कमी करायचे म्हणून, किंवा मधुमेहाचे निदान झाल्यावर डॉक्टरांनी सांगितले म्हणून, जे लोक रोजच्या खाण्याची नोंद ठेवू लागतात, त्यांच्या वहीत एक ओळ हमखास असते : दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक वाटी आमटी, थोडा भात. ही ओळ प्रामाणिकपणे लिहिलेली असते. तरीही तिच्यावरून त्या जेवणातले उष्मांक काढायला बसले, तर उत्तर पाचशेही येऊ शकते आणि नऊशेही. पोळी केवढी, वाटी कोणती, भात थोडा म्हणजे किती आणि फोडणीत तेल किती पडले, यांपैकी एकाही गोष्टीचा त्या ओळीत पत्ता नसतो. मोजणे आणि अंदाज करणे यांतला फरक समजून घ्यायचा, तर सुरुवात या ओळीपासूनच करावी लागते.

आधी थोडे उष्मांकाविषयी. आहाराच्या संदर्भात आपण ज्याला कॅलरी म्हणतो, ती शास्त्राच्या भाषेतली किलोकॅलरी असते, म्हणजे एक लिटर पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवायला लागणारी उष्णता. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विल्बर ॲटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केलेल्या प्रयोगांतून जे आकडे रूढ झाले, तेच आजही जगभर वापरले जातात. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थांतून सुमारे ४, एक ग्रॅम प्रथिनांतून सुमारे ४ आणि एक ग्रॅम स्निग्ध पदार्थांतून सुमारे ९ उष्मांक मिळतात. आपल्याकडच्या पदार्थांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांचे अद्ययावत तक्ते प्रसिद्ध केले. असे कोणतेही तक्ते उघडून पाहिले, तर आकडे १०० ग्रॅम वजनामागे दिलेले आढळतात. तक्त्याची भाषा वजनाची आहे. आपल्या स्वयंपाकघराची भाषा मात्र वाटी, चमचा, पळी, मूठ आणि चिमूट यांची, म्हणजे आकारमानाची आहे. बहुतेक चुका या दोन भाषांमधल्या भाषांतरात होतात.

आकारमानाने मोजण्याची ही सवय जुनी आहे. वजनमापांची मेट्रिक पद्धत १९५६ च्या कायद्याने आली आणि पुढच्या काही वर्षांत रुळली. त्यापूर्वी खेड्यापाड्यांत धान्य पायलीने, शेराने, मापट्याने आणि चिपट्यानेच मोजले जात असे. त्या काळच्या माणसांना या मापांतला कच्चा दुवा चांगला ठाऊक होता. भांडे काठोकाठ भरल्यावरही धान्याची छोटी रास वर उभी राहते, तिला शीग म्हणतात, आणि माप शिगेसकट की सपाट, हे देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधी ठरवून घ्यायचे असे. उत्साह शिगेला पोहोचला असे आपण म्हणतो, ती शीग हीच. आज आपण शेंगदाण्याचा कूट चमच्याने घालतो तेव्हा शीग तशीच उभी असते, फक्त ती सांगायचे आपण विसरलो आहोत. माझ्याकडचा पोह्याचा चमचा कुटाने भरून सुरीच्या पाठीने सपाट केला, तर वजनकाट्यावर ८ ग्रॅम दिसतात. तोच चमचा रोजच्या हाताने डब्यातून उचलला की १४ ग्रॅम भरतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या आसपास उष्मांक धरले, तर पहिल्या चमच्यात ४४ आणि दुसऱ्यात ७७ होतात. वहीत दोन्हींची नोंद 'एक चमचा कूट' अशीच होते.

पोळीचेही तसेच आहे. सहा इंच व्यासाची पोळी आणि सात इंच व्यासाची पोळी ताटात शेजारी ठेवली, तर दुसरी जरा मोठी दिसते, इतकेच. पण जाडी सारखी असेल, तर गोलाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून सात इंचांच्या पोळीत ३६ टक्के जास्त पीठ असते. एक इंच हा फरक डोळ्याला किरकोळ वाटतो, कारण डोळा लांबी पाहतो, क्षेत्रफळ पाहत नाही. शिवाय फुलका आणि घडीची पोळी यांत तेलाचा फरक असतो. पंचवीस ग्रॅम पिठाचा कोरडा फुलका सुमारे ८५ उष्मांकांचा होतो. पस्तीस ग्रॅम पिठाची, घडीत अर्धा चहाचा चमचा तेल लावलेली आणि वरून थोडे तूप फिरवलेली पोळी १६० च्या पुढे जाते. म्हणजे 'दोन पोळ्या' या शब्दांत १७० उष्मांकही बसतात आणि ३२० ही बसतात.

वाटीबद्दल सांगायचे, तर घरात एका मापाच्या सगळ्या वाट्या क्वचितच असतात. लग्नात मिळालेल्या, आजीकडून आलेल्या, दिवाळीला घेतलेल्या, अशा शंभर मिलिलिटरपासून अडीचशे मिलिलिटरपर्यंतच्या वाट्या एकाच मांडणीवर नांदतात, आणि मोबाइलमधले ॲप 'एक वाटी' म्हणते तेव्हा त्याच्या मनात यांपैकी कोणती आहे, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. आमटीत आणखी एक प्रश्न येतो, तो पाण्याचा. त्याच वाटीत पातळ आमटी असेल तर डाळ कमी, दाट वरण असेल तर जास्त. भाताच्या बाबतीत तर कच्चे आणि शिजलेले यांची गल्लत होते, आणि माझ्या पाहण्यातली ही सर्वांत महागडी चूक आहे. शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० उष्मांक असतात. शिजल्यावर तो तांदूळ पाणी पिऊन अडीचशे ते तीनशे ग्रॅम होतो, उष्मांक तेवढेच राहतात. म्हणून शंभर ग्रॅम भातात १२० ते १३० च उष्मांक उरतात. एखाद्याने काट्यावर १५० ग्रॅम भात मोजला आणि तक्त्यातला आकडा कच्च्या तांदळाचा घेतला, तर १९० च्या जागी ५२५ लिहिले जातात. काटा अचूक होता, चूक रकान्यात झाली. तेव्हा मोजमाप सुरू करताना पहिला नियम असा, की जे ज्या अवस्थेत मोजले, त्याच अवस्थेचा आकडा घ्यायचा. डाळ, पोहे, साबुदाणा, कडधान्ये या सगळ्यांना तो लागू आहे.

आता साबुदाण्याच्या खिचडीकडे जरा बारकाईने पाहू, कारण अंदाज कुठे फसतो हे तिच्याइतके स्पष्ट दुसऱ्या पदार्थात दिसत नाही. दोघांसाठी केलेल्या खिचडीत, समजा, १५० ग्रॅम कोरडा साबुदाणा, ६० ग्रॅम कूट, २५ ग्रॅम तूप आणि शंभर ग्रॅम बटाटा घातला. साबुदाण्याचे सुमारे ५२५ उष्मांक, कुटाचे ३३०, तुपाचे २२५ आणि बटाट्याचे ७५, असे एकूण ११५५ झाले. खाणाऱ्याला बशीत दिसतो तो साबुदाणा. पण जवळजवळ निम्मे उष्मांक कुटातून आणि तुपातून आले आहेत, ज्यांतला एक साबुदाण्याला चिकटून बसला आहे आणि दुसरे जिरले आहे. आता खिचडी मोकळी व्हावी, म्हणून करणाऱ्याने जरा सढळ हाताने ९० ग्रॅम कूट आणि ४० ग्रॅम तूप घातले, असे धरा. कुटाचे १६५ आणि तुपाचे १३५ मिळून ३०० उष्मांक वाढले, म्हणजे प्रत्येकी दीडशे. बशीतला ढीग नजरेला तेवढाच दिसतो, उलट खिचडी जास्त चविष्ट लागते. खाणाऱ्याने कितीही एकाग्रतेने बशीकडे पाहिले, तरी हा फरक त्याला दिसणार नाही. तो फक्त कढईजवळ उभ्या असलेल्या माणसाला मोजता येतो, आणि तोही पदार्थ कढईत पडण्यापूर्वी.

अंदाजाची चूक किती मोठी असू शकते, याचा ठोस पुरावा १९९२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासातून मिळाला. दिवसाला १२०० उष्मांकांपेक्षा कमी खाऊनही वजन उतरत नाही, अशी तक्रार असलेल्या काही स्थूल व्यक्ती त्यात होत्या. त्यांचा प्रत्यक्ष ऊर्जाखर्च काढण्यासाठी संशोधकांनी त्यांना दुहेरी खूण केलेले पाणी प्यायला दिले. या पाण्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन हे दोन्ही नेहमीपेक्षा जड प्रकारचे असतात. शरीरातून हायड्रोजन फक्त पाण्याच्या रूपाने बाहेर पडतो, ऑक्सिजन मात्र पाण्यातूनही जातो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधूनही. त्यामुळे दोन्ही खुणा किती वेगाने ओसरतात यातल्या फरकावरून शरीराने किती कार्बन डायऑक्साइड तयार केला, म्हणजेच किती ऊर्जा जाळली, हे काढता येते. या लोकांची चयापचयाची गती सर्वसाधारणच निघाली. आपण जेवढे खाल्ले असे त्यांनी नोंदवले होते, ते प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होते, आणि आपल्या हालचालींचा अंदाज त्यांनी ५१ टक्क्यांनी जास्त केला होता.

हा निष्कर्ष वाचून कोणी त्या लोकांना खोटारडे म्हणू नये, असे मला मनापासून वाटते. आपल्याकडे डॉक्टरांच्या खोलीत 'तुम्ही सांगता तेवढेच खात असाल तर वजन वाढेलच कसे?' हा प्रश्न ज्या सुरात विचारला जातो, त्याने अनेक जण कायमचे गप्प होतात आणि नोंद ठेवणेच सोडून देतात. नजरेचा दोष सर्वांना असतो. लहान वाढप आपल्याला असते त्याहून थोडी जास्त वाटते आणि मोठी वाढप असते त्याहून कमी वाटते, असे आहारसर्वेक्षणांत वारंवार आढळले आहे. त्यातून उभ्याउभ्या तोंडात टाकलेले दाणे, मुलांच्या ताटात उरलेले चार घास, चव बघायला घेतलेली पळीभर भाजी या गोष्टी जेवण या नावाखाली येतच नाहीत, म्हणून लक्षातही राहत नाहीत.

मोजायचे कसे, ते आता पाहू. स्वयंपाकघरात ठेवण्याचा एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा आता सहज मिळतो. त्यावर वजन शून्यावर आणण्याचे बटण असते, आणि खरी सोय त्या बटणात आहे. रिकामे पातेले काट्यावर ठेवून आकडा शून्य केला की आत जे घालाल त्याचेच वजन दिसते. तेलासाठी याच्या उलट करावे. तेलाचे भांडेच काट्यावर ठेवून आकडा शून्य करावा, नेहमीच्या हाताने कढईत तेल ओतावे आणि भांडे पुन्हा काट्यावर ठेवावे. उणे १८ असा आकडा दिसला, तर १८ ग्रॅम तेल, म्हणजे सुमारे १६० उष्मांक कढईत गेले. चमचे धुवायला नकोत आणि फोडणी करपायचीही भीती नाही.

आमटीसारख्या पदार्थात वाटीगणिक डाळ किती आली हे मोजता येत नाही, म्हणून संपूर्ण पातेल्याचा हिशोब करावा. शंभर ग्रॅम तूरडाळीचे साधारण ३३५, वीस ग्रॅम तेलाचे १८० आणि दहा ग्रॅम गुळाचे ३८ मिळून ५५३ उष्मांक झाले. पाणी, मीठ, हळद, आमसूल, कोथिंबीर यांचा हिशोब सोडून दिला तरी चालतो. आमटी तयार झाल्यावर पातेल्यासकट वजन केले, त्यातून रिकाम्या पातेल्याचे वजन वजा केले आणि ८५० ग्रॅम आमटी भरली, तर एका ग्रॅममागे ०.६५ उष्मांक आले. आपल्या वाटीत १६० ग्रॅम आमटी घेतली, तर १०४. पाणी जास्त पडले तर एकूण वजन वाढेल आणि ग्रॅममागचा आकडा आपोआप उतरेल, म्हणून आमटी पातळ की दाट ही चिंता या पद्धतीत उरत नाही.

ज्या घरात स्वयंपाक करणारी व्यक्ती वेगळी आणि नोंद ठेवणारी व्यक्ती वेगळी आहे, तिथे रोज काटा घेऊन ओट्यापाशी उभे राहणे शक्य नसते, आणि ते बरेही दिसत नाही. आयुष्यभर हाताच्या अंदाजाने उत्तम स्वयंपाक करणाऱ्या आईच्या किंवा सासूबाईंच्या हातातल्या पळीचे वजन करायला जाणे त्यांना अविश्वासासारखे वाटू शकते. अशा वेळी महिन्याच्या किराण्याचा आधार घ्यावा. तेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम असे वजन छापलेले असते. चार माणसांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल संपत असेल, तर २७३० ग्रॅमला चाराने आणि तीस दिवसांनी भागून माणशी रोज जवळजवळ २३ ग्रॅम, म्हणजे साधारण २०५ उष्मांक येतात. यात तळणीचे टाकून दिलेले तेल आणि पाहुण्यांचे जेवण वजा करावे लागते, आणि घरातले सगळे सारखे खातात असे गृहीत धरावे लागते, तरीही 'आमच्याकडे तेल फारच कमी लागते' या समजुतीपेक्षा हा आकडा कितीतरी भरवशाचा असतो. साखर, तूप आणि शेंगदाणे यांचाही असाच हिशोब मांडता येतो.

काट्यावरचा आकडा म्हणजे अंतिम सत्य, असे मात्र समजू नये. तक्त्यातले आकडे सरासरीचे असतात, आणि ॲटवॉटर यांचे ४ आणि ९ हेही सरासरीच आहेत. अमेरिकेच्या कृषी विभागातल्या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले, की २८ ग्रॅम अख्ख्या बदामांतून शरीराला प्रत्यक्षात १२९ च्या आसपास उष्मांक मिळतात, तर नेहमीच्या पद्धतीने ते १७० च्या जवळ येतात. बदामाच्या पेशींत अडकलेली काही चरबी न पचताच बाहेर पडते. तेव्हा दिवसाची बेरीज १६४७ आली की १६५२, यावर विचार करण्यात अर्थ नाही. पण तक्त्यातली दहा-पंधरा टक्क्यांची चूक आणि नजरेची चाळीस टक्क्यांची चूक एकाच पारड्यात तोलणेही बरोबर नाही. 'तक्ते तरी कुठे अचूक असतात' असे म्हणून पुन्हा अंदाजपंचे लिहू लागणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांना ते थांबवायला हवे असे वाटते. चूक दररोज सारखीच होत असेल, तर तीही निभावून नेता येते : वहीत १६०० दिसतात आणि महिनाभर वजन जागचे हलत नाही, म्हणजे आपल्या वहीतले १६०० हाच आपला समतोल आहे, खरा आकडा १८०० असला तरी बिघडत नाही, आणि तिथून शंभर-दोनशे कमी करता येतात. चूक एके दिवशी शंभरची आणि दुसऱ्या दिवशी सहाशेची असेल, तर वहीवरून काहीच समजत नाही.

त्याचबरोबर सगळेच मोजण्याचीही गरज नसते. शंभर ग्रॅम काकडीत पंधरा-वीस उष्मांक असतात. तिच्या वजनात पन्नास ग्रॅमची चूक झाली तरी दहा उष्मांकांपलीकडे फरक पडत नाही. तेलात दहा ग्रॅमची चूक झाली तर ९० उष्मांकांचा फरक पडतो. काकडी-टोमॅटो, पालेभाज्या, ताक, लिंबू, मसाले यांच्यासाठी नजर पुरेशी आहे. काटा राखून ठेवावा तेल, तूप, कूट, खोबरे, साखर-गूळ, सुका मेवा, फरसाण यांच्यासाठी, आणि त्यांच्या खालोखाल भात-पोळीसाठी. दुधाच्या बाबतीत वजनापेक्षा प्रकार पाहावा, कारण म्हशीचे दूध गाईच्या दुधाच्या जवळजवळ दीडपट उष्मांकांचे असते.

जन्मभर काटा वापरण्याचेही कारण नाही. दोन-तीन आठवडे रोज आधी अंदाज लिहावा आणि मग मोजावे. हा क्रम उलटा करू नये, कारण आकडा दिसल्यावर 'मला असेच वाटले होते' असे मन लगेच म्हणते. पंधरा दिवसांत आपली नजर कोणत्या पदार्थात आणि कोणत्या बाजूला चुकते, हे कळू लागते. माझी भातात फारशी चुकत नव्हती, कुटात आणि चिवड्यात जवळजवळ निम्म्याने चुकत होती. त्याच काळात रोजच्या वापराची एक वाटी, एक पळी आणि एक डाव कायमचे ठरवून घ्यावेत. वाटीत किती मावते हे पाहायला ती काठोकाठ पाण्याने भरून तोलली की पुरे, कारण एक ग्रॅम पाणी म्हणजे एक मिलिलिटर. नंतर काटा कपाटात गेला तरी ही भांडी माप म्हणून कामी येतात, आणि दोन-तीन महिन्यांनी चार दिवस तो पुन्हा बाहेर काढावा, कारण हात हळूहळू सैल होत जातो.

बाहेर जेवताना मोजण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे एकच आकडा लिहिण्याऐवजी पट्टा लिहावा, जसे की मिसळ-पाव, ६०० ते ८००. लग्नाच्या पंगतीत किंवा कोणाच्या घरी प्रेमाने वाढले जात असताना मनात बेरीज चालू ठेवू नये. महिन्यात असे दिवस मोजके येतात आणि त्यांची ढोबळ नोंद पुरेशी असते.

दोन गटांसाठी मात्र हे सगळे वेगळे आहे. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेही व्यक्तीचा जेवणाआधीचा डोस जेवणातल्या पिष्टमय पदार्थांवर ठरत असेल, तर भात आणि पोळी यांचे वजन ही तिच्यासाठी सुरक्षिततेची बाब असते, आणि ते तिने आपल्या डॉक्टरांकडून व आहारतज्ज्ञांकडून नीट शिकून घ्यावे. दुसरीकडे, खाण्याच्या भीतीने ग्रासलेल्या, आकडा चुकला की जेवण टाळणाऱ्या किंवा पूर्वी असा आजार होऊन गेलेल्या व्यक्तीने, तसेच वाढत्या वयातल्या मुलामुलींनी, स्वतःहून काटा हातात घेऊ नये. घरात कोणी प्रत्येक घास तोलू लागले, चारचौघांत जेवायला नको म्हणू लागले, तर मोजमाप ताबडतोब थांबवून डॉक्टरांना भेटावे.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी पहिल्या दिवशी स्वयंपाक सुरू होण्यापूर्वी घरातली रिकामी भांडी एकदा तोलून घ्यावीत. आमच्या ओट्यावरच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे, आणि त्यावर लोखंडी कढई, आमटीचे पातेले, कुकरचा मोठा डबा, लहान डबा आणि भाजीची कढई यांची वजने ओळीने लिहिली आहेत. आमटी उकळत असताना पातेले रिकामे करून तोलता येत नाही.